पाचशे वॅट आणि एक गाळणी

माझ्या पुढच्या पत्र्यावर खरवडल्याच्या खुणा दिसतात ना, मित्रांनो, तिथे एकेकाळी लाल रंगात ‘५०० वॅट’ असं लिहिलेलं होतं. हसू नका. आज मी माळ्यावर, मोडक्या छत्र्या आणि एका बिनदांड्याच्या इस्त्रीशेजारी पडलेला घरगुती ॲम्प्लिफायर असलो, तरी माझेही दिवस होते. त्या दिवसांत माझ्या नावाने आख्खी इमारत बोटं मोडायची. कारखान्यातून गुळगुळीत होऊन आलेल्या किती यंत्रांच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी येते, तुम्हीच सांगा.

ॲम्प्लिफायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मंडपातल्या कर्ण्यामागचा खोका येईल. तो माझा लांबचा नातेवाईक. आमचं येणं-जाणं नाही. मी रेडिओवरून दूरदूरच्या माणसांशी बोलणाऱ्या हौशी लोकांच्या घरातला. बोलणाऱ्याचा आवाज रेडिओच्या लहरींवर चढवणारा सेट वेगळा असतो. तो बिचारा नाजूक, चार पावलं चालून दमणारा. त्याच्याकडून लहरी घ्यायच्या, खाऊपिऊ घालून त्यांना दांडगं करायचं आणि गच्चीवरच्या एरियलकडे रवाना करायचं, हे माझं काम.

माझ्या धन्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या मशीनचे टाके सरळ करायचे आणि उरलेल्या वेळात घरी रेडिओत डोकं घालून बसायचं, असा त्यांचा संसार. परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवलेला होता, तो चौकट करून भिंतीवर लावला होता. लग्नाचा फोटो त्याच्या खाली होता. वहिनींनी, म्हणजे धन्यांच्या बायकोने, तो क्रम बदलून पाहिला होता, पण दोन दिवसांत परवाना पुन्हा वर.

माझा जन्म मात्र हौसेतून झाला नाही. तो एका आईसाठी झाला. धन्यांची धाकटी बहीण परिचारिका होती. लग्न झाल्यावर ती नवऱ्यामागे दूर समुद्रातल्या एका बेटावर गेली. नवरा तिथल्या दीपगृहावर कामाला. बेटावर टेलिफोन नव्हता आणि बोट समुद्राच्या मर्जीवर. पण जावईही परवानाधारक निघाले. घरच्यांनी स्थळ पसंत करताना बाकी काय पाहिलं ते मला माहीत नाही, धन्यांनी एवढंच पाहिलं असणार. त्यामुळे दर रविवारी सकाळी आई खुर्चीत बसून मायक्रोफोनसमोर लेकीशी बोलायची. नुसत्या सेटवर आवाज बारीक जायचा. धाकटी म्हणायची, “दादा, आईचा आवाज जरा मोठा कर ना.”

झालं. दादांना तेवढं निमित्त पुरलं.

माझं अंग म्हणजे धाकटीची वसतिगृहातली पत्र्याची ट्रंक. झाकणाच्या आत अजून तिने चिकटवलेली बदकांची चित्रं आहेत. माझा ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडचा, इतका जड की तो आणताना रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन काचेचे, बल्बसारखे दिसणारे मोठे व्हॉल्व्ह, तेही जुनेच. आणि मला गार ठेवायला वहिनींच्या केस वाळवायच्या यंत्रातला पंखा. तो कधी गेला, कुठे गेला, याची चौकशी वहिनी बरेच दिवस करत होत्या. एकदा मी सुरू झालो आणि त्यांनी तो आवाज ओळखला.  त्या दिवशी धन्यांनी मुकाट्याने भांडी घासली.

मित्रांनो, आता त्या गाळणीची गोष्ट नीट ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. माझ्यासारखं यंत्र जोर लावतं तेव्हा हव्या त्या लहरीबरोबर नको त्याही लहरी निर्माण होतात. दुपटीच्या, तिपटीच्या, चौपटीच्या. त्या बाहेर गेल्या की कोणाच्याही टीव्हीत, कोणाच्याही रेडिओत शिरतात. म्हणून माझ्या आणि एरियलच्या मध्ये एक छोटी डबी बसवायची असते. आत तारेची वेटोळी. हवं ते पुढे सोडायचं, नको ते अडवायचं. धन्यांनी ती चहाच्या डब्यात मोठ्या प्रेमाने बनवली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं गाळणी.

पहिल्या दिवशी मी सुरू झालो. गाळणी लावलेली होती. माझ्या कपाळावरच्या मीटरची सुई उठली आणि मधेच थबकली. धन्यांचा चेहरा पडला. त्यांनी गाळणी काढून पाहिली. सुई टुणकन पुढे गेली.

“बघितलंस?” ते वहिनींना म्हणाले. “ही बया माझे वॅट खात होती.”

“मग का बनवली?”

“पुस्तकात दिलंय म्हणून.”

गाळणी टेबलाच्या खणात गेली, बॉबिनच्या आणि मोडक्या सुयांच्या सोबतीला. मग धन्यांनी माझ्यात जाणारी वीज मोजली, व्होल्टला करंटने गुणलं आणि लाल रंगाचा ब्रश उचलला. त्यांचे एक मित्र होते, दातांचे डॉक्टर. इमारतीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. त्यांनाही रेडिओचा नाद, आणि त्यांच्याकडे कारखान्यात बनलेला चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर. मी पाचशेचा कसा निघालो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू. जन्मल्याजन्मल्या अंगावर ‘५००’. वास्तविक धन्यांच्या तोंडी माझा आकडा ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. दातवाल्यांना सांगताना पाचशे. परवान्यात इतकं बसतं का, असं कोणी विचारलं की “ते मोजण्यावर असतं हो.” वहिनींना सांगताना “असेल शंभर-दीडशे.” आणि विजेचं बिल आलं की मी जवळजवळ बंदच असायचो.

मी तापायचो मात्र खरा पाचशेचा. वहिनींनी त्याचा सदुपयोग केला. माझ्या पाठीवर त्या मोजे वाळत घालायच्या. समोर धनी कुठल्याशा खंडातल्या माणसाला रुबाबात सांगत असायचे, “माझ्याकडे घरी बनवलेलं पाचशे वॅटचं यंत्र आहे,” आणि ते यंत्र अंगावर चार ओले मोजे घेऊन बसलेलं असायचं. रेडिओत दिसत नाही, हे किती बरं आहे पाहा.

खालच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. सख्ख्या कोणाच्याच नव्हत्या, पण आख्ख्या इमारतीच्या मावशी. एकट्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि टीव्हीवरच्या मालिकेला घरातल्या माणसासारखं जपणाऱ्या. मालिकेतल्या नायकाची स्मृती गेली होती. तो इस्पितळात पडून होता आणि मावशी त्याच्या शुद्धीवर येण्याची वाट त्याच्या आईपेक्षा जास्त बघत होत्या. अखेर तो भाग आला. नायकाने डोळे उघडले. बायको त्याच्यावर वाकली. त्याने ओठ हलवले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “थांबा, एरियल जरा उत्तरेकडे फिरवतो.”

मावशी जिना चढून आल्या. त्या वयात इतक्या वेगाने जिना चढलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही.

“काय रे, तुझ्या त्या ट्रंकेला माझ्या घरात यायचं काय कारण?”

“मावशी, तुमचा टीव्ही जुना आहे. तो नको ते पकडतो.”

“टीव्ही जुना आहे, मी जुनी आहे, पण मी तुझ्या घरात येऊन बोलते का मधेच?”

“आत्ता आलाच आहात,” धनी म्हणाले, आणि पुढचं वहिनींनी डोळे मोठे करून थांबवलं.

एकट्या मावशींचं असतं तर निभावलं असतं. पण वरच्या मजल्यावरच्या संगीत शिक्षिकेच्या कीबोर्डमधूनही धनी हॅलो हॅलो करू लागले. कोणाच्या दाराची बेल आपोआप वाजायची. दार उघडलं की बाहेर कोणी नाही. मी तर आनंदात होतो. माझी ताकद घराघरांत पोचतेय म्हणून छाती फुगवून घोंघावत होतो.

पण मित्रांनो, जिथे पोचायचं होतं तिथे काय चाललं होतं ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. रविवारी आई खुर्चीत बसायची. बाकीच्या गप्पा कशाबशा उरकून ती एकच प्रश्न विचारायची, “मी येऊ का गं तुझ्याकडे थोडे दिवस?” एवढं विचारताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. आणि पलीकडून धाकटी म्हणायची, “हो हो, इकडे सगळं छान आहे. वारा फार सुटलाय.” पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. उत्तर, “दादाला सांग, आवाज एकदम दणदणीत येतोय.”

वर्षभर असं चाललं. मग एका रविवारी आईने विचारलंच नाही. खुर्चीतून उठताना वहिनींना म्हणाली, “तिला मी नकोय गं तिथे. नको असेल तर नाही म्हणावं सरळ. उगाच हवापाण्याच्या गप्पा कशाला?”

वहिनी म्हणाल्या, “अहो आई, तसं नसेल.” पण कसं असेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. आई नंतर बराच वेळ गॅलरीत बसून राहिली. धनी माझ्यावरची धूळ पुसत बसले. त्यांना काही सुचेनासं झालं की ते माझी धूळ पुसत.

त्यातच इमारतीची सभा भरली. विषय एकच, मी. ठराव झाला की येत्या रविवारी कोणाच्याही घरात आवाज आला, तर सोमवारी गच्चीवरचं एरियल खाली. मावशी सभेत पहिल्या रांगेत होत्या. धनी घरी आले ते तोंड एवढंसं करून. आईने ऐकलं आणि म्हणाली, “काढून टाक रे. तसंही बोलण्यासारखं काय उरलंय?” हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की धन्यांनी जेवण अर्ध्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून दातवाल्यांकडे गेले. पाचशेवाल्याने चारशेवाल्याचं दार ठोठावणं म्हणजे काय, ते आमच्या जगात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

शनिवारी दुपारी दातवाले आले. सोबत चांगलं मीटर आणि तेलाने भरलेला एक डबा. त्या डब्याला ते नकली एरियल म्हणत. माझी सगळी शक्ती तो पोटात घेतो आणि बाहेर काही सोडत नाही, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास न देता मोजमाप करता येतं. दातवाल्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढून माझ्या आत डोकावून पाहिलं. मी आपोआप आ वासला.

“कधीपासून असं आहे?” त्यांनी विचारलं. सवयच त्यांना ती.

मावशीही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सोमवारची तयारी करायची की नाही, ते त्यांना बघायचं होतं.

मी सुरू झालो. जीव तोडून जोर लावला. मीटरची सुई दोनशे चाळीसवर थांबली.

“तुझं मीटर बिघडलंय,” धनी म्हणाले.

“मीटर ठीक आहे. पाचशे आले कुठून?”

“व्होल्ट गुणिले करंट.”

“ती आत गेलेली वीज झाली. बाहेर आलेली वेगळी. निम्म्याहून जास्तीची तर उष्णताच होतेय.”

वहिनी पुढे झाल्या, माझ्या पाठीवरचा एक मोजा उचलला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. ते निम्मे इथे आहेत.”

 दातवाल्यांनी विचारलं, “तुझी गाळणी कुठाय?” खणातून ती निघाली, तिच्यावर शिलाईचा दोरा गुंडाळला गेला होता. ती माझ्या आणि मीटरच्या मध्ये बसली. सुई एकशे सत्तरवर आली.

“बघ, खातेय की नाही?” धन्यांना पुन्हा अवसान चढलं. “सत्तर वॅट खाल्ले हिने.”

“खाल्ले नाहीत. अडवले. ते तुझ्या लहरीचे नव्हतेच मुळी. मीटरला काय, ते सगळंच मोजतं. तू ज्याला ताकद समजून खूश होत होतास, ती नुसती सांडलवंड होती.”

“मग इतके दिवस हे सत्तर वॅट जात कुठे होते?”

“माझ्याकडे,” दारातून मावशी म्हणाल्या.

  मला तर ट्रंक पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ट्रंक मीच होतो.

दातवाले तिथेच थांबले नाहीत. त्यांनी कानाला हेडफोन लावला, धन्यांना बोलायला सांगितलं आणि एक बटण सावकाश मागे घेत गेले. “तू याला ताणून ताणून राबवतोस. आवाज फाटतोय. घसा बसलेल्या माणसाने भांडावं तसा.” शंभर वॅटपाशी त्यांनी हात काढला. “आता ऐक.”

धन्यांनी हेडफोन लावला. वहिनी म्हणाल्या, “एक, दोन, तीन.” धन्यांनी हेडफोन काढून वहिनींकडे पाहिलं, पुन्हा लावला.

“पण शंभरात बेटापर्यंत पोचेल का रे?” हे आईने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं.

“आई, ताकद चौपट केली तर पलीकडच्या माणसाची सुई जेमतेम एक खूण हलते,” दातवाले म्हणाले. “जोराने काय होतंय? शब्द कळायला हवेत.”

माझ्या झाकणाला ट्रंकेची मूळची फट होती, लहरी झिरपायला पुरेशी, तीही त्यांनी पट्ट्या लावून बंद केली. गाळणी पक्की बसली.

रविवार उजाडला. ठरलं असं की मावशींनी टीव्ही लावून बसायचं आणि आवाज आला की झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं. छत ठोकलं म्हणजे संपलं, एरियल खाली. धनी सेटसमोर, वहिनी त्यांच्या मागे, दातवाले आपला दवाखाना बंद ठेवून आलेले. आई खुर्चीत बसली, पण पदराचं टोक मोकळंच होतं. विचारायचं नाही हे तिने ठरवलं होतं.

“जेवलीस का गं?” ती रुक्षपणे म्हणाली.

धन्यांनी बोलण्याचा खटका ऐकण्याकडे फिरवला. खरखर. आणि मग धाकटी, “सकाळी सकाळी कुठलं जेवण, आई? आत्ता चहा झाला. तुझा गुडघा कसा आहे?”

आईने वहिनींकडे पाहिलं. जे विचारलं त्याचंच उत्तर, असं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा झालं होतं.

“दादा, काय केलंस तू?” धाकटी पुढे म्हणाली. “आईचा आवाज किती स्वच्छ येतोय. खरं सांगू? वर्षभर मला तिचं एक अक्षर कळत नव्हतं. नुसता गडगडाट. तू इतक्या कौतुकाने पाचशे वॅट, पाचशे वॅट म्हणायचास, मग कसं सांगणार? मी आपली अंदाजाने हो हो करायचे.”

धन्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मी, तोंड फिरवायची सोय नसल्यामुळे, त्यांच्याकडे.

आईच्या बोटाला पदर गुंडाळला गेला. “मग मी... मी काय विचारत होते दर वेळी, ते नाही कळलं तुला?”

“नाही गं. काय?”

“मी येऊ का तुझ्याकडे थोडे दिवस?”

खटका फिरला. खरखर आली, बराच वेळ नुसती खरखरच आली. मला वाटलं, शंभर वॅट कमी पडले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या ताकदीवर नाही, त्या चहाच्या डब्यावर भरवसा ठेवून बसलो होतो.

मग आवाज आला, आणि तो रडत होता. “आई, तू येशील? मला वाटायचं तुला समुद्राची भीती वाटते, म्हणून तू विषयच काढत नाहीस. मी कितीदा म्हणणार होते ये म्हणून. ये ना. पुढच्याच बोटीने ये.”

आणि नेमकं तेव्हा खालून छत वाजलं. ठक, ठक, ठक. धन्यांनी कपाळाला हात लावला.  जिन्यात पावलं वाजली आणि मावशी झाडूसकट आत आल्या, घामाघूम.

“मावशी, खरंच आवाज आला?” दातवाल्यांनी विचारलं.

“आला असता तर कशाला आले असते वर?” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “काहीसुद्धा ऐकू येत नाहीये, म्हणून ठोकलं. आई ‘येऊ का’ म्हणाली का आज? वर्षभर ऐकतेय मी, येऊ का, येऊ का. उत्तर काही माझ्या टीव्हीत येत नाही. जीव टांगणीला लागलाय माझा. काय म्हणाली पोर?”

 आईने होकारार्थी मान हलवली. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्याच पाठीवरचा एक मोजा घेऊन डोळे पुसले.

पुढच्या बोटीने आई गेली. धन्यांनी त्याच दिवशी माझ्यावरचा लाल आकडा चाकूने खरवडला. मला दुखलं, खोटं कशाला बोलू. त्या जागी दुसरा आकडा लिहावा असं त्यांच्या मनात होतं, पण ते ब्रश हातात घेऊन उभे राहिले आणि काही न लिहिताच परत गेले. रविवारच्या खुर्चीत मग मावशी बसू लागल्या. बेटावरून आई सांगायची आणि इथे मावशी विचारायच्या. मालिकेतल्या नायकाला पुढे स्मृती आली की नाही, हे मावशींना आज विचाराल तर आठवणार नाही.

आता बेटावर टेलिफोन आहेत, मी माळ्यावर आहे. पंखा परत वहिनींकडे गेला. व्हॉल्व्हवर जाळी लागली आहेत. कधीतरी साफसफाईत मला खाली काढतात, तेव्हा पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, “बाप रे, केवढं धूड. किती वॅटचं आहे हो हे?”

धनी आता थकलेत, पण उत्तर ठरलेलं असतं. चहाच्या डब्यावरची धूळ बोटाने पुसत ते म्हणतात, “बेटापर्यंत जातं, आणि खालच्या मजल्यावर जात नाही.”

मित्रांनो, मला एखाद्या दिवशी भंगारात द्याल, तर त्याचं मला वाईट वाटणार नाही. जड आहे, जागा अडवतो. देताना फक्त एवढं करा, ती गाळणी माझ्यापासून सोडवू नका. तिने माझे सगळे वॅट खाल्ले असते, तरी माझी तक्रार नव्हती.